बाळंतपणाचा भार कुणावर?

(दृश्य: लालबाग. गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर)
या चिमणीच्या सावलीत 1920 च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती.

(जुनी छायाचित्रं)
हे वाइंडिंग खातं. सूत उकलायचं, रिळावर घ्यायचं, तुटलं की बोटांनी गाठ मारायची. बायकांची खाती ठरलेली, मजुरी पुरुषांहून कमी. कामावर कुणाला घ्यायचं ते नायकिणीच्या, म्हणजे खात्यातल्या बाई मुकादमाच्या, हातात. बाळंतीण घरी बसली की मजुरी बुडायची. तान्ह्याला बाळगोळी देऊन झोपवायचं आणि खात्यावर यायचं. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी 1922 च्या सुमारास हे लिहून ठेवलं.

(कौन्सिलच्या कामकाजाची पिवळी पानं)
28 जुलै 1928. मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-भत्त्याच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं: मालक बायकांना कामावर ठेवतो, कारण पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून त्याला जास्त लाभ होतो, तेव्हा त्यालाही वाटा उचलावा लागेल. पण आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून मोठा भार सरकारनं घ्यावा.

1929 साली कायदा झाला. देशातला असा पहिलाच. भत्ता रोज 8 आणे, आणि तो भरायचा एकट्या मालकानं. आंबेडकरांचं निम्मंच ऐकलं गेलं.

(रेगे समितीचा, म्हणजे सरकारी कामगार चौकशी समितीचा अहवाल, 1946)
भत्ता चुकवायला, पोट दिसू लागलं की कामावरून कमी. भरतीत पसंती कुमारिकांना, विधवांना, मूल होण्याचं वय सरलेल्यांना. त्यात रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं. गिरणीतल्या बायका घटत गेल्या.

(लोअर परळ. गिरणीच्या आवारातली ऑफिसं)
2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. ही रजा हवीच होती. पण ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नसलेल्या ठिकाणी तो पगार आजही मालकच देतो, आणि खासगी नोकरीतल्या बापाला देशाच्या कायद्यानं एका दिवसाचीही रजा नाही. म्हणून मुलाखतीत लग्नाचा प्रश्न मुलीलाच विचारतात.

ईएसआयमध्ये वर्गणी बाई-पुरुष दोघांच्याही पगारावर बसते. बाळंतपणाचे पैसे त्या सामाईक निधीतून येतात, म्हणून बाईला नोकरी देणाऱ्यावर वेगळा बोजा पडत नाही. मात्र ती सोय 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारालाच. ही मर्यादा काढा, निधीत सरकारचा मोठा वाटा घाला आणि बापालाही रजा द्या.