केसपेपर कोणी वाचायचा?

(रुग्णालयातील कर्मचारी आणि नागरिकांसमोर सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा विषय निघाला की हल्ली सगळ्यांना आधी हॅकर आठवतो. ते चूक नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातल्या एवढ्या नामांकित सरकारी रुग्णालयात कितीतरी दिवस हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. पण मी सगळी नोकरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काढली. माझ्या डोळ्यांदेखत जेवढी माहिती बाहेर गेली, ती कुणी कुलूप फोडून नेली नव्हती. ती तोंडाने गेली. काउंटरवरून गेली, लिफ्टमधून गेली, चहाच्या टपरीवर गेली, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने गेली. आपण आज त्याबद्दल बोलू.

एक माणूस ॲडमिट झाला तर त्याची फाइल किती हातांतून जाते बघा. नोंदणीचा क्लार्क, सिस्टर, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर, मोठे डॉक्टर, लॅबवाला, मेडिकलवाला, बिलिंग, विम्याचे दावे बघणारा टीपीए डेस्क, सरकारी योजनेतला पेशंट असेल तर योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र, शेवटी आम्ही रेकॉर्डवाले. फाइल वॉर्डातून खाली आणणाऱ्या मामांचा तर या यादीत कुणी विचारच करत नाही. यातल्या प्रत्येकाला काहीतरी माहिती लागतेच. पण सगळ्यांना सगळी लागत नाही. बिलिंगला ऑपरेशनचं नाव आणि खोलीचे दिवस लागतात. त्या बाईने मानसोपचारतज्ज्ञाला काय सांगितलं ते लागत नाही. चांगल्या रुग्णालयात संगणकावर हे बसवलेलं असतं. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ज्याच्या कामाचं जे पान असेल तेवढंच त्याला उघडतं, आणि कोणी कोणाची फाइल किती वाजता उघडली याची नोंद मागे राहते. नामांकित माणूस ॲडमिट झाला की ती नोंद जरूर काढून बघावी. उपचाराशी संबंध नसलेली किती मंडळी डोकावून गेली ते कळतं.

आता प्रत्यक्षात काय होतं? वॉर्डात एकच लॉगिन चालतं, 'सिस्टर वन'. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला. दिवसपाळीची, रात्रपाळीची, सगळी त्याच नावाने आत. मग ती मागे राहणारी नोंद काय चाटायची? तिच्यात चोवीस तास एकच सिस्टर काम करताना दिसते. लाखोंचं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि ते या चिकटपट्टीपाशी फुकट घालवायचं, हा प्रकार मी फार पाहिलाय.

आता जरा आपल्या गावाचं बोलू. गोपनीयतेवरची प्रशिक्षणं मुंबई-पुण्याहून तयार होऊन येतात. त्यात सोलापूरची अडचण कधीच नसते. आपल्याकडे पूर्व भागात घराघरात तेलुगू. अक्कलकोटच्या बाजूने, कर्नाटकातल्या इंडी-आळंदहून येणारी माणसं कन्नड बोलणारी. आणखी उर्दू आहेच. आणि तपासणारे तरुण डॉक्टर बीडचे, नगरचे, नाशिकचे. मग ओपीडीत काय होतं? डॉक्टर दारात येऊन विचारतात, "तेलुगू येणारं कोणी आहे का हो?" रांगेतली एखादी बाई मदतीला उठते. मनाने चांगली असते ती. पण ती त्याच गल्लीतली असते, त्याच विडी कारखान्यात माल देणारी असते. पेशंट बाई तिच्याकडे एकदा बघते आणि ठरवते, की हिच्यादेखत काय सांगायचं आणि काय गिळायचं. मागच्या वेळी गर्भपात झाला होता, नवरा मारतो, टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या, यातलं काहीच मग डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. इथे नुसती लाज राखायचा प्रश्न नाही, निदानच चुकतं.

याहून वाईट म्हणजे मुलाला मध्ये घालणं. शाळेत जाणारं पोर मराठी बोलतं म्हणून त्याला आईच्या पाळीचे प्रश्न विचारायला लावायचे. ते पोर आईला तो प्रश्न विचारतच नाही. दुसरंच काहीतरी विचारतं आणि 'नाही म्हणतीय' असं सांगून मोकळं होतं. चूक त्याची नाही.

यावर उपाय महाग नाही. आपल्याच कर्मचाऱ्यांत कोणाला कुठली भाषा येते त्याची यादी करा, ड्युटीनुसार ती ओपीडीत लावा. सिस्टर असेल, फार्मासिस्ट असेल, मावशीही चालतील. त्यांच्याकडून गोपनीयतेचं हमीपत्र घ्या आणि त्याचा अर्थ त्यांना नीट समजावून सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला फोन लावून पेशंटचं नाव न सांगताही विचारता येतं. रांगेतल्या माणसाला मात्र उठवायचं नाही.

दुसरी जुनी खोड म्हणजे फाइलवरचा लाल पेन. एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'रिॲक्टिव्ह'. कॉटला स्टिकर. कोपऱ्यातली खाट. भेटायला आलेल्या सासूला वाचता येत नसलं तरी ती खुणेवरून ओळखते. कर्मचाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "मॅडम, आमच्या जिवासाठी लावतो." मला त्यांच्या भीतीची चेष्टा करायची नाही, सुई हातात घेणाऱ्याला भीती वाटणारच. पण हिशेब उलटा आहे. लागण झाल्यावर सुरुवातीचा काही काळ तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. ज्याची तपासणीच झाली नाही त्याच्या फाइलवर तर काहीच नसतं. म्हणजे स्टिकर नसलेल्या पेशंटजवळ तुम्ही निर्धास्त होता आणि खरा धोका तिथेच असतो. म्हणून नियम असा, की प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं समजूनच हातमोजे घालायचे. हा नियम पाळला की स्टिकरची गरजच उरत नाही. सुई टोचलीच, तर लगेच कळवायचं. प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. त्या वेळी पेशंटची स्थिती कळणं गरजेचं असतं आणि त्यासाठी ठरलेला मार्ग आहे. कव्हर रंगवून ती सगळ्या वॉर्डाला आधीच सांगायची नसते.

कायदा इथपर्यंत कसा आला हेही ऐका. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' हे प्रकरण आलं. रक्तदानाच्या वेळी एका डॉक्टरच्या रक्तात एचआयव्ही निघाला, ती गोष्ट बाहेर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. कोर्टाने रुग्णालयाला दोष दिला नाही. होणाऱ्या बायकोच्या जिवाचा हक्क वरचा मानला. निकाल पटणारा वाटतो, पण त्याचा आधार घेऊन अनेकांनी कुणालाही काहीही सांगायला सुरुवात केली. पुढे एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने पायऱ्या घालून दिल्या. आधी पेशंटचं समुपदेशन करायचं, त्यानेच जोडीदाराला सांगावं म्हणून. तो सांगत नाही आणि जोडीदाराला खरंच धोका आहे, असं असेल तर पेशंटला आधी कल्पना द्यायची, की आता मी सांगणार आहे. मग फक्त जोडीदाराला, समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. सासऱ्याला नाही, गावच्या सरपंचाला नाही, तो काम करतो त्या यंत्रमागाच्या मालकाला तर नाहीच.

टीबीचंही असंच. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. हे योग्यच आहे, साथीच्या रोगात तसं करावंच लागतं. पण सरकारला कळवणं आणि गल्लीला कळवणं या दोन गोष्टी आहेत. घरभेटीला जाणाऱ्या आरोग्य खात्याच्या ताईंनी कोपऱ्यावरच्या दुकानात "टीबीचा पेशंट कुठल्या घरात?" असं विचारलं, की पुढचं सगळं आलंच.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी व्यवस्था जुन्या कागदाची आहे. गर्भपाताच्या कायद्याखालचे २००३ चे नियम वाचा. बाईचं नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत. ती नोंदवही गोपनीय दस्तऐवज, पाच वर्षं जपायची. तिथे बाईला अनुक्रमांक मिळतो, आणि केसशीट, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, कुठेही नाव नाही, फक्त तो क्रमांक. संमतीपत्र पाकिटात घालून ते सीलबंद करायचं. संगणक नाही, पासवर्ड नाही, आणि तरी मला यापेक्षा पक्की व्यवस्था माहीत नाही. अर्थात नोंदवही कपाटात असेल आणि कपाटाची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असेल तर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर असं नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिची ओळख उघड करायची गरज नाही.

नातेवाइकांचं काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड. आपल्याकडे पेशंट एक आणि सोबत चारजण. कॅन्सर निघाला की मोठा मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठतो, "आबांना सांगू नका." आणि डॉक्टर ऐकतात! म्हणजे ज्याचा आजार त्याला सोडून सगळ्या खानदानाला माहीत. मी नातेवाइकांना वाईट म्हणत नाही, रात्र-रात्र तेच जागतात. पण शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला ॲडमिट होताना एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? "तुमच्या आजाराचं कोणाशी बोलायचं?" तो नाव सांगेल. बायकोचं सांगेल, पुतण्याचं सांगेल. ते फॉर्मवर लिहायचं आणि बाकीच्यांना "त्यांना विचारा" म्हणायचं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात पेशंटने आपला प्रतिनिधी नेमायची सोय आहेच. ती चाल बाकी वॉर्डांतही यायला हवी.

मोबाइलबद्दल थोडक्यात. वरिष्ठांचं मत घ्यायला एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. कोपऱ्यात नाव, वय, तारीख. पाठवण्याआधी नाव झाका, दोन सेकंदांचं काम. जखमेचे फोटो कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये राहतात आणि त्याच गॅलरीत त्याच्या मुलीचा वाढदिवसही असतो. फोन घरी गेला की कुणाच्या हातात जातो ते तुम्हीच बघा. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत फोन हरवणारे आपल्यात कमी नाहीत.

आभा नंबरबद्दल, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाबद्दल, लोक विचारतात. चौदा अंकी आहे, ऐच्छिक आहे. ओपीडीत क्यूआर स्कॅन केला की नाव, वय, पत्ता असा ओळखीचा तपशील जातो. जुने रिपोर्ट जायला वेगळी संमती लागते. ती ठरावीक मुदतीची असते आणि मागेही घेता येते. कागदावर रचना चांगली आहे. अडचण काउंटरवर आहे. "ओटीपी आला का, सांगा" एवढंच म्हटलं जातं आणि म्हातारी माणसं अख्खा फोनच पुढे करतात. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. कशासाठी, ते विचारा. रांग मागे ओरडेल, ओरडू द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकून व्यवस्थापनाची मंडळी ताठ बसतात, म्हणून मी तो आवर्जून सांगते.

आता तुमचे प्रश्न घेते.

एका ताईंनी विचारलंय, की स्वतःच्या फाइलची प्रत मागितली तर रुग्णालय 'गोपनीय आहे' म्हणून नाकारतं. हे चूक आहे. गोपनीयता तुमच्यासाठी आहे, तुमच्यापासून नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असं आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

दुसरा प्रश्न विम्याचा. विमा कंपनीला द्यायचे कागद तुमच्या संमतीने जातात, पण ती संमती तुम्ही दाव्याच्या फॉर्मवर न वाचता सही करताना दिलेली असते. शेजाऱ्याला, पत्रकाराला, 'मी त्यांच्याच गावचा' म्हणणाऱ्याला काही द्यायचं नसतं.

आणि एका डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आहे, छोटं रुग्णालय आहे, जुने कागद किती वर्षं ठेवू आणि मग काय करू? साहेब, साधी ॲडमिट फाइल उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं. गर्भपाताची नोंदवही पाच. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित केस असेल तर कोर्टातलं प्रकरण मिटेपर्यंत हात लावू नका. नंतर मात्र रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. पाठकोऱ्या केसपेपरात शेंगांची पुडी बांधलेली मी पाहिली आहे. जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते, ती घ्यायला माणसं दारात येतात. फिल्मवर नाव असतं, ते आधी घालवा. कागद मशीनमध्ये घालून फाडायचे, आपला माणूस शेवटचा कागद फाडला जाईपर्यंत तिथे उभा ठेवायचा. काय नष्ट केलं त्याची वेगळी नोंदवही करा. त्यात तारीख आणि आयपीडी नंबर, म्हणजे ॲडमिट पेशंटचा नोंदणी क्रमांक, लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. त्यात निदानाचा रकाना मात्र ठेवू नका.