रात्रीच्या तीन ओळी

(सातारा येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, 'प्रत्येक दिवस भरभरून जगा' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे विचारलं की मात्र गडबडतात. म्हणून आज एकाच सवयीबद्दल बोलतो. एक वही, एक पेन आणि झोपण्याआधीची 10 मिनिटं एवढंच तिला लागतं.

सुरुवात आपल्या कास पठारापासून करू. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी फुलते, आणि त्या वर्षी आपण सगळे सहकुटुंब वर जातो. पण कातळावरच्या ओल्या मातीत भर पावसात वायतुरा येतो, तो दरवर्षी. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, आणि शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच सातारा! तरी तो पाहिलेले सातारकर किती निघतील? दुर्मीळ गोष्ट स्वतःच हाक मारते. नेहमीची गोष्ट आपणच शोधायला लागते, कारण मन सरावतं. नळाला पाणी रोज येतं तोवर ते दिसत नाही. दोन दिवस आलं नाही की दिसायला लागतं.

आता कृती. रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडण्याआधी, त्या दिवशी बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या. प्रत्येकीखाली एक ओळ: हे का घडलं? मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी हेच एक आठवडा रोज रात्री केलं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही त्यांना आधीपेक्षा बरं वाटत होतं, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा दिसला.

लोक चुकतात ते कुठे? पहिल्याच रात्री 'कुटुंब, आरोग्य, देवाची कृपा' असं लिहितात. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री वही उशाखाली जाते ती कायमची. यात आळसाचा दोष कमी, मोघम शब्दांचा जास्त. 'कुटुंब' हा शब्द आज लिहिला काय आणि पुढच्या महिन्यात लिहिला काय, फरक काय पडतो? त्याऐवजी लिहा: 'साडेचारला वहिनींनी न सांगता गवती चहा घालून चहा दिला.' खाली कारण: 'सकाळचा माझा खोकला त्यांनी ऐकला होता.' ही ओळ फक्त आजचीच असू शकते. वेळ, माणूस, वस्तू यांपैकी दोन तरी ओळीत हवेतच. कारणाची ओळ गाळू नका, मुख्य काम तीच करते. चांगलं आपोआप झालं असं वाटत असतं. कारण शोधायला गेलं की त्यामागे कोणाचा तरी हात सापडतो. कधीकधी आपलाही.

दुसरी अडचण रतीब घालण्याची. पहिले 7 दिवस रोज लिहा. पुढे यांत्रिक वाटू लागलं तर आठवड्यातून एकदा, रविवारी वगैरे, पुरे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. जास्त केलं म्हणजे जास्त मिळतं, हा हिशोब इथे चालत नाही. मोबाइलवर लिहिलं तरी हरकत नाही, पण लिहून झाल्यावर बोट व्हॉट्सअ‍ॅपकडे वळतंच. वहीत ती भानगड नाही.

रात्री लिहायला काही सापडावं म्हणून दिवसा थोडी पेरणी करायला लागते. तुमच्यापैकी बरेचजण सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातात. वर पोहोचलं की घड्याळात पावलं मोजून लगेच परतायचं, हा रिवाज. त्याऐवजी 2 मिनिटं एका जागी थांबा आणि रोज एकच दिशा बघा: सोमवारी सज्जनगड, मंगळवारी यवतेश्वर, बुधवारी जरंडेश्वर. सगळं एकदम बघितलं की काहीच उरत नाही. घराबाहेर पडता येत नसेल त्यांनी चहाचे पहिले तीन घोट टीव्ही आणि पेपर बाजूला ठेवून घ्यावेत. तीनच, अख्खा कप असा प्यायचं ठरवलं तर दोन दिवसांत कंटाळाल.

काही दिवस खरंच वाईट असतात. घरात कोणी गेलं असेल, आजारपण असेल, तेव्हा तीनाचा आकडा पाळायचा हट्ट नको. एक ओळ लिहा, किंवा तारीख टाकून पान कोरं सोडा. दोन-दोन आठवडे सगळीच पानं कोरी राहत असतील, झोप आणि भूकही गेली असेल, तर वहीने भागणार नाही, डॉक्टरांकडे जा.

वही शंभर पानी, साधी घ्या. भारी डायरी आणली की अक्षर चांगलं काढायची चिंता लागते, आणि मग पहिली ओळच होत नाही. पेन सुतळीने वहीलाच बांधून ठेवा, नाहीतर रात्री नातवंडांच्या दप्तरात शोधत बसाल.