भांडण मिटवायचं तर पात्रांच्या हाताला काम द्या | रुसलेली घरं आणि शॉर्ट फिल्म

[कॅमेऱ्याकडे बघत. मागे पुस्तकांचं कपाट, टेबलावर वही.]

नमस्कार मंडळी. आपल्याकडच्या शॉर्ट फिल्मचा एक ठरलेला शेवट आहे. मुलगा वृद्धाश्रमाच्या पायऱ्या चढतो. बाबा खिडकीशी बसलेले. मुलगा म्हणतो, "बाबा, मी चुकलो." बासरी सुरू. बाबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, फ्रेम हळूहळू पांढरी होते आणि वर सुविचार उमटतो. खाली कमेंट असते, "डोळ्यांत पाणी आलं दादा."

पाणी माझ्याही डोळ्यांत येतं, खोटं कशाला बोलू. त्या बासरीपुढे कुणाचं काय चालतंय! पण दुसऱ्या दिवशी मला विचाराल की ते बापलेक नक्की कशावरून दुरावले होते आणि नक्की कशामुळे जवळ आले, तर मला सांगता येत नाही.

तर आजचा विषय हाच. घरात वर्षानुवर्षं धरलेला अबोला दहा-पंधरा मिनिटांत सुटला, हे प्रेक्षकाला पटवायचं कसं? ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट समजली जाते. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यातली सगळ्यात लांब २३ मिनिटांची आहे आणि सगळ्यात छोटी जेमतेम ५ मिनिटांची. एवढ्या वेळात माणसं एकमेकांना माफ करतात हे दाखवणं म्हणजे खायचं काम नाही.

आणि हो, कथा सांगणार आहे. ज्यांना आधी बघायच्यात त्यांनी इथे पॉज करा.

[पडद्यावर मजकूर: बाओ, २०१८. दिग्दर्शन : डोमी शी]

क्लिप लावली की कॉपीराइटचा स्ट्राइक येतो, म्हणून तोंडीच सांगते. पिक्सार या अमेरिकन स्टुडिओची ही अॅनिमेशन फिल्म, त्यांच्याच 'इन्क्रेडिबल्स २'च्या आधी थिएटरमध्ये दाखवली जायची. साधारण ८ मिनिटं, संवाद नाहीतच. डोमी शीचा जन्म चीनमधला, वाढली टोरंटोत, आईवडिलांची एकुलती एक. पिक्सारची शॉर्ट फिल्म दिग्दर्शित करणारी ती पहिली बाई. २०१९ मध्ये या फिल्मला ऑस्कर मिळालं.

टोरंटोतली एक चिनी बाई बाओ करतेय. बाओ म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून, वरून चुण्या घालून वाफवलेला गोळा. मोदकाच्या कळ्या पाडताना बोटं जशी फिरतात, तश्शीच तिची बोटं फिरतात. नवरा भराभर खातो आणि कामावर निघून जातो. ती शेवटचा बाओ तोंडात टाकते आणि तो तान्ह्या बाळासारखा रडायला लागतो. ती त्याला वाढवते. भिंतीवर उंचीच्या खुणा करते, बाजारात नेते, बसमध्ये शेजारी बसवून बेकरीतला गोड पाव वाटून खाते. त्याला पोरांबरोबर फुटबॉल खेळायचाय, पण ही सोडत नाही. पोरगं वाढतं. मित्र येतात, गाडी येते. एके दिवशी ती टेबलभर स्वयंपाक करते आणि तो सरळ मित्रांबरोबर निघून जातो. सगळं ती एकटी खाते.

मग तो एका सोनेरी केसांच्या मुलीला घेऊन येतो, बॅग भरतो, निघतो. आई त्याला धरते, ओढते, दार बंद करते. तो हिसडे देतो. आणि ती त्याला उचलून तोंडात टाकते. गिळून टाकते.

[दोन सेकंद गप्प.]

थिएटरमध्ये या क्षणी काही लोक हसले, काही दचकले. बऱ्याच जणांना हे काय चाललंय तेच कळलं नव्हतं. मला विचाराल तर हा एक घास म्हणजे अख्खी फिल्म आहे. 'तू माझाच आहेस, जाऊन दाखव' असं म्हणणाऱ्या आईचं आपल्याकडे तीनशे भागांचं सीरियल होतं. डोमी शीनं ते एका घासात आटपलं. भांडणाचं कारण, कोण बरोबर, कोण चूक, सगळं त्यात आलं. नंतर रडणारीही तीच आहे.

आता समेट. आई अंथरुणात पडलेली. दारात गोल चेहऱ्याची आकृती दिसते, उजेडात येते तेव्हा कळतं, हा तिचा खराखुरा मुलगा. ती कूस बदलते. तो पलंगाच्या कडेला बसतो, एक पुडा उघडतो. त्याच बेकरीतला तोच गोड पाव. एक तिला देतो, एक स्वतः खातो. दोघं चावताचावता रडायला लागतात. बस्स.

विचार करा, या ठिकाणी संवाद घातला असता तर काय घातला असता? "आई, मला माझं आयुष्य जगायचं होतं." "बाळा, मला एकटं वाटत होतं." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही ऐकताना आपण मोबाईल हातात घेतला असता. पाव काम करतो, कारण तो आपण आधी बघितलाय. बसमधला वाटून खाल्लेला पाव लक्षात असलेला प्रेक्षकच तो समेट पूर्ण करतो. दिग्दर्शकानं काही समजावून सांगायची गरजच पडत नाही.

आणि त्यानंतरचं मला फार आवडतं. शेवटी सगळे टेबलाभोवती बसून बाओ करतायत. मुलाला काही जमत नाही. होणारी सून मात्र झकास करते, आणि सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो! डोमी शीनं तिच्या स्वतःच्या आईला या फिल्मसाठी सल्लागार म्हणून बोलावलं होतं, तिनं स्टुडिओतल्या लोकांना बाओ करायला शिकवलं. त्या पिठाकडे बघताना ते कळतं. मळताना पीठ कसं दबतं, बोटाला कसं चिकटतं, सगळं जागच्या जागी.

[जागा बदलून, थोडं जवळ.]

मग आपल्याकडे असं का होत नाही? माझं एक मत आहे, पटतंय का बघा. आपले कितीतरी शॉर्ट फिल्मवाले एकांकिकेतून येतात. पुण्यात कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे, आणि गावोगावच्या करंडकांची तर मोजदादच नाही. ती शाळा उत्तम आहे, मी तिची चाहती आहे. पण एकांकिकेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं असतं, त्यामुळे मनातलं सगळं तोंडातून काढावं लागतं. बाप आणि मुलगा समोरासमोर, मध्ये रिकामी जागा, आणि चार मिनिटांचं जबरदस्त स्वगत. टाळ्या. तेच स्वगत कॅमेऱ्यासमोर आलं की माणूस ओरडल्यासारखा वाटतो. कॅमेरा तर हातभर अंतरावर उभा असतो, त्याला मनगटावरची शीरही दिसते.

[पडद्यावर मजकूर: अॅन आयरिश गुडबाय, २०२२. दिग्दर्शन : टॉम बर्कली, रॉस व्हाइट]

आता संवाद असलेली फिल्म घेऊ, नाहीतर म्हणाल ही बाई मूकपटांच्याच मागे लागलीय. उत्तर आयर्लंडमधलं एक शेत. आई गेलीय. मोठा भाऊ टर्लो लंडनहून आलाय, धाकटा लॉर्कन शेतावरच राहतो. लॉर्कनला डाउन सिंड्रोम आहे. दोघांचं फारसं पटत नाही. टर्लोनं ठरवून टाकलंय की लॉर्कननं मावशीकडे राहायचं, शेत आवरून मोकळं व्हायचं. लॉर्कनला अर्थातच हे मान्य नाही.

तेवढ्यात आईच्या अपुऱ्या राहिलेल्या शंभर इच्छांची यादी पुढे येते. लॉर्कन अट घालतो, ही सगळी यादी पुरी कर, मग मी जातो. आणि हे दोघे भाऊ आईच्या अस्थींचा कलश बरोबर घेऊन एकेक इच्छा पुरी करत सुटतात. पुढे काय होतं ते सांगत नाही, ते बघाच.

यातली खुबी बघा. दोघं एका टेबलाशी बसले की भांडतात. पण यादीतलं काम करताना त्यांना एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघं कामाकडे बघतात. आपल्याकडे सख्ख्या भावांना हे वेगळं सांगायला नको. ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलंय, त्याच्याबरोबर लग्नघरात पंगत वाढायला उभं केलं की "भात आण रे इकडे" आपसूक तोंडातून जातंच.

ही फिल्म विनोदी आहे, हेही महत्त्वाचं. मयताच्या घरी लोक हसतात, हे आपल्याला घरी माहीत असतं पण पडद्यावर चालत नाही. लॉर्कनचं काम करणारा जेम्स मार्टिन कुठेही बिचारा वाटत नाही. तो बेरकी आहे, हट्टी आहे, भावाला पुरून उरतो. १२ मार्च २०२३ ला या फिल्मला ऑस्कर मिळालं, त्याच दिवशी त्याचा एकतिसावा वाढदिवस होता आणि अख्ख्या सभागृहानं त्याच्यासाठी गाणं म्हटलं. तो व्हिडिओ शोधून बघा.

आता भराभर दोन. 'इफ एनीथिंग हॅपन्स आय लव्ह यू', १२ मिनिटं, नेटफ्लिक्सवर २०२० मध्ये आली. शाळेतल्या गोळीबारात मुलगी गेलेले आईबाप. एका टेबलाच्या दोन टोकांना बसून गप्प जेवतात, आणि त्यांच्या सावल्या मात्र वर भिंतीवर कडाडून भांडतायत. त्यांना जवळ आणतो मुलीचा टी-शर्ट. कपडे धुताना आईच्या हाती लागलेला. हातातलं रोजचं काम, पुन्हा तेच. फक्त एक सूचना, ही एकट्यानं रात्री बघू नका.

दुसरी 'संजय्ज सुपर टीम', २०१५, पुन्हा पिक्सार. दिग्दर्शक संजय पटेल कॅलिफोर्नियात वाढला, वडिलांचं मोटेल होतं. पोराला टीव्हीवरचे सुपरहिरो बघायचेत, वडिलांना पूजा करायचीय, आणि पूजेची घंटी वाजली की चिडायचं कुणी, यावरून तंटा. विष्णू, दुर्गा, हनुमान सुपरहिरो होऊन येतात. दिसायला देखणी आहे, पण मला त्या युद्धापेक्षा शेवट आवडतो. पोरगं देवांची चित्रं काढतं आणि बाप ती बघतो. बापानं पूजा सोडली नाही, पोरानं सुपरहिरो सोडले नाहीत.

[वही उघडत.]

बरं, टीका पुरे. समजा तुम्हाला आपल्याकडचीच गोष्ट करायचीय. दोन भाऊ, वाटणीवरून बिनसलेलं, सात-बाऱ्यावर दोघांची नावं, बांध एक, विहीर सामाईक. पहिल्या मसुद्यात आपण काय लिहू? तलाठ्याचं ऑफिस, वकील, आईचा आजार, आणि आयसीयूच्या बाहेर मिठी. मी म्हणते, हे सगळं काढा. विहिरीतली मोटर जळू द्या.

लाइट रात्री बाराला आली, मोटर चालेना. कांदा उभा आहे, पाणी आजच द्यायचंय. मोटर वर काढायची तर एकट्याचं काम नाही, दोर ओढायला दुसरा माणूस लागतोच. आणि एवढ्या रात्री हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस एकच आहे. बायको म्हणते, "भाऊजींना हाक मारू का?" हा गप्प. ती मारतेच.

मग पुढची पाच मिनिटं संवाद एवढेच. "धर." "ढील दे." "थांब, थांब, पाइप अडकलाय." "बॅटरी इकडे मार." धाकट्याच्या हाताला दोर काचतो, तो "आई गं" म्हणतो, थोरला डोक्याचा टॉवेल काढून त्याच्याकडे फेकतो. बघत नाही, नुसता फेकतो. मोटर वर येते. आता शेवट कुठे करायचा? मी करेन, "वायंडिंगला मी नेतो सकाळी," या वाक्यावर. बांधाचं काय झालं, वाटणी बदलली का, मला सांगायचं नाही. एका रात्रीत जमिनीचा वाद मिटत नसतो, आणि मिटला असं दाखवलंत तर गावाकडचा प्रेक्षक हसेल तुम्हाला.

[पुन्हा कॅमेऱ्याकडे.]

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. समेट झालाच पाहिजे असा कायदा नाही. दारू पिऊन मारणारा बाप म्हातारा झाला, खोकायला लागला, म्हणून मुलीनं पाया पडून "शेवटी बाप तो बाप" म्हणायचं, अशा फिल्म्स मला बघवत नाहीत. तिनं नाही केलं माफ, तर तीही गोष्ट आहे, आणि बहुतेक वेळा ती जास्त खरी आहे.

२०१७ ची 'निगेटिव्ह स्पेस' याचं उत्तम उदाहरण. मॅक्स पोर्टर आणि रू कुवाहाता यांची, बाहुल्यांची स्टॉप मोशन, म्हणजे बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. रॉन कर्टगी यांच्या छोट्याशा कवितेवरून केलेली. वडील कायम कामासाठी फिरतीवर. मुलाला त्यांनी एकच गोष्ट शिकवली, बॅग नीट कशी भरायची. मोजे कुठे, पट्टा कसा गुंडाळायचा, कुठेही जागा वाया घालवायची नाही. बापलेकाचं सगळं नातं त्या बॅगेत. आणि शेवटी वडिलांच्या शवपेटीकडे बघताना पोराच्या मनात येतं ते त्या पेटीतल्या रिकाम्या जागेबद्दल. भांडण दिसत नाही, मिठी तर नाहीच. दुरावा होता की माया होती, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि म्हणून मी ती पुन्हा लावते.

सुरुवात 'बाओ'पासून करा, जमलं तर आईबरोबर बसून. घास गिळण्याच्या प्रसंगाला ती काय म्हणाली ते मला कमेंटमध्ये कळवा. आणि कुणी ती मोटरची फिल्म खरंच करणार असेल, तर हक्कबिक्क काही नको, फक्त बासरी लावू नका. भेटू पुढच्या शुक्रवारी.