रात्री फोन येत नाही म्हणून?

श्रोतेहो, नमस्कार.

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. मुलाला किंवा मुलीला चांगली रँक मिळालेली असते आणि विचारणा एकच असते : रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन बघून निदान करायची शाखा, घेऊ द्यायची का? गेली काही वर्षं वरच्या रँकची मुलं मेडिसिनच्या बरोबरीने ही शाखा उचलतायत. का घ्यायचीय, असं मी विचारलं की उत्तरही ठरलेलं. रात्री-अपरात्री फोन नाही, नातेवाइकांची दमदाटी नाही, एसीत बसून काम आणि कमाई बरी.

यातलं एसीचं तेवढं खरं आहे, आणि तोही मशीनसाठी असतो.

सरकारी रुग्णालयात एमडी करणारा रेसिडेंट रात्री काय करतो ते एकदा बघा. महामार्गावरून अपघाताची केस आली की डोक्याचा सीटी, पोट धरून आलेल्या पोराची सोनोग्राफी, हलवता न येणाऱ्या पेशंटसाठी वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे. पुढे प्रॅक्टिसमध्ये रात्री थोड्या निवांत होतात, हे मान्य. जेवायला घरी असावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही, आणि ते फक्त मुलींनाच वाटतं असंही नाही. पण तेवढ्याच आशेने आलेला माणूस दिवसभर एकामागून एक रिपोर्ट करताना कंटाळतो. कंटाळलेल्या नजरेतून फुफ्फुसातली बारकी गाठ निसटते. कमाईचं म्हणाल तर सीटी, एमआरआयची मशिनं कोटींच्या घरातली; स्वतःचं सेंटर टाकलं की बँकेचा हप्ता आधी, बाकी सगळं नंतर.

शिवाय कायदा आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला नोंदीचा एफ फॉर्म भरावा लागतो, आणि नोंदीतल्या त्रुटीवरूनही डॉक्टरवर खटला उभा राहू शकतो. हे जाचक आहे असं माझे अनेक सहकारी म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण या मशीनच्या आधाराने आपल्या राज्यात किती मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या हे ज्याने पाहिलंय, त्याने एफ फॉर्मवर फार कुरकुर करू नये, असं मला वाटतं. ‘सगळं बरंय ना, डॉक्टर?’ असं विचारून सासूबाई आपला चेहरा न्याहाळत राहतात. तेव्हा चेहरा कोरा ठेवणंही शिकावं लागतं. ते कुठल्या पुस्तकात नाही.

मग या शाखेत यायचं कशासाठी?

उत्तर शोधायची हौस असेल तर यावं. म्हणजे काय, ते सांगतो. समजा, साठीतले एक गृहस्थ सकाळी चहा घेत होते आणि उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळली. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळीने रक्तवाहिनी बंद पडलीय, हे नुसत्या तपासणीवरून निष्णात फिजिशियनलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि उपचार तर अगदी उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं. रक्तस्राव असताना तेच दिलं तर माणूस हातचा जाईल. सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं, ते ओळखणं सोपं. गुठळी असेल तर पहिल्या काही तासांत चित्र बऱ्याचदा नॉर्मलच वाटतं. कधी एखादी रक्तवाहिनी जरा जास्त पांढरी दिसते, कधी मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा किंचित पुसट. तो पुसटपणा दिसायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं चित्रं बघूनच होतो. शेजारी न्यूरोलॉजिस्ट उभा असतो, बाहेर घरची मंडळी, आणि ‘रक्तस्राव नाही’ हे शब्द तुम्ही उच्चारायचे असतात. त्या वेळी भीतीबरोबर ज्याला थोडा आनंदही होतो, तो या शाखेत रमतो.

दुसरी हौस भौतिकशास्त्राची. बारावीला फिजिक्स आवडायचं, पण मार्कांनी मेडिकलला ओढून नेलं, अशी पुष्कळ मुलं असतात. सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हतेच. ते ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं, कॉरमॅकही भौतिकशास्त्रज्ञ. आजही आम्ही ऊतींची घनता हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात मोजतो. पाणी शून्य, हवा उणे हजार.

आणि हाताने काही करायची ओढ असेल, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी आहे, म्हणजे चित्र बघत बघत सुई किंवा नळी आत घालून उपचार करणं. १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका बाईचा पाय कापायची वेळ आली होती आणि बाई काही केल्या तयार होईनात. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने मांडीतली अरुंद झालेली रक्तवाहिनी नळी घालून आतूनच रुंद केली. पाय वाचला. अँजिओप्लास्टीची सुरुवात ही, आणि ती एका रेडिओलॉजिस्टने केली. हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना याची आठवण करून द्यायला आम्हाला जरा जास्तच आवडतं.

आईवडिलांना रेडिएशनची धास्ती असते, विशेषतः मुलगी असेल तर. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. जिथे असतात तिथे शिशाचा एप्रन असतो आणि छातीवर अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बॅज, जो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०, अशी आपल्याकडे मर्यादा आहे.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ म्हणाला होता, की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. त्या वर्षी इंटर्न असलेली मुलं आज कन्सल्टंट आहेत आणि त्यांच्याकडे कामाचा तोटा नाही. क्षयरोगासाठी छातीचे एक्स-रे वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून सॉफ्टवेअरला मान्यता दिली आहे, आणि जिथे रेडिओलॉजिस्टच पोचत नाही त्या गावांत ते हवंच. काम बदलेल. पण चित्राचा आणि समोरच्या पेशंटचा मेळ घालून त्याखाली सही करणारा माणूस लागणार आहे.

तेव्हा इंटर्न मित्रांनो, पसंतीक्रम भरण्याआधी चार संध्याकाळी रिपोर्टिंग रूममध्ये जाऊन बसा. रेसिडेंटला चहा पाजा, तो शेजारी खुर्ची देईल. केस उघडली की आधी तुमचं निदान कागदावर लिहा, मग त्याचं ऐका. चुकल्यावर तोच स्कॅन पुन्हा बघायला मागितलात, तर रेडिओलॉजी बिनधास्त वर टाका. सारखं घड्याळाकडे लक्ष जात असेल, तर मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांतही चार संध्याकाळी काढून बघा.

धन्यवाद.