शिपायाच्या हातात कोणती बंदूक होती?

(पडद्यावर: ठासणीच्या बंदुकीची उजवी बाजू, अगदी जवळून)

बंदूक ओळखायची तर नजर आधी उजव्या बाजूला, चापाच्या जरा वर न्यायची. बार उडवणारी यंत्रणा तिथे असते आणि बंदुकीचं वय तीच सांगते. जळता तोडा, म्हणजे वात, धरणारा चिमटा दिसला तर ती तोडेदार. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात गारगोटी असेल तर चकमकीची. घोडा नुसता हातोडीसारखा असेल आणि त्याच्याखाली तांब्याची बारीक टोपी बसत असेल, तर ती केपची बंदूक. ब्रिटिश फौजेत ती १८४० च्या आसपास रुळली.

१८५७ वरच्या चित्रपटात तोडेदार बंदूक दिसली म्हणून लगेच चूक काढू नका. जमीनदारांनी आणि संस्थानिकांनी उभ्या केलेल्या माणसांकडे तेव्हाही तोडेदार बंदुका होत्या. खरा प्रश्न आहे कंपनीच्या शिपायाचा. त्याच्या हातात काय होतं?

(पडद्यावर: एनफिल्ड रायफल, दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत)

एनफिल्ड, असं उत्तर चटकन येतं. १८५३ ची ही रायफल ओळखायला सोपी आहे. ३९ इंचांची लांब नळी लाकडाला तीन पट्ट्यांनी आवळलेली असते. हे पट्टे मोजा. त्याआधीच्या गुळगुळीत नळीच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीला असे पट्टे नाहीत, तिची नळी आडव्या खिळ्यांनी बसवलेली असते. एनफिल्डच्या नळीवर मागच्या बाजूला शिडीसारखी उभी होणारी नेमपट्टी असते, लांबचा नेम धरण्यासाठी. तोंडाकडून पाहिलं तर नळीही अरुंद, ०.५७७ इंचांची. ब्राउन बेसची ०.७५ इंच. आणि एनफिल्डच्या नळीत आतून तीन पिळदार खाचा आहेत. गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते ती त्यांच्यामुळे.

पण १८५७ च्या सुरुवातीला बंगाल फौजेतल्या बहुतेक देशी पलटणींकडे ही रायफल नव्हती. त्यांच्याकडे गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकाच होत्या. नवी रायफल आली होती डमडम, अंबाला आणि सियालकोटच्या शिक्षण केंद्रांवर. तिथे वेगवेगळ्या पलटणींतून निवडक शिपाई बोलावले होते. चरबीच्या काडतुसाची बातमी छावण्यांमध्ये रायफलीच्या आधी पोहोचली. म्हणून पडद्यावरच्या सगळ्या पलटणीच्या खांद्यावर एनफिल्ड दिसली, की मला त्या वर्षाचा अर्थच हरवल्यासारखा वाटतो. शिपाई ज्या शस्त्राला घाबरले, ते त्यांतल्या बहुतेकांच्या हातात अजून आलंच नव्हतं.

मेरठचा प्रसंग घ्या. २४ एप्रिल १८५७. तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या ९० स्वारांना कवायतीला उभं केलं, त्यांतल्या ८५ जणांनी काडतूस घ्यायला नकार दिला. ती काडतुसं एनफिल्डची नव्हती, नेहमीच्या जुन्या पद्धतीची होती. हा प्रसंग चित्रित करताना स्वारांच्या हाती लांब रायफल दिली, तर दोन चुका एकदम होतात. घोडेस्वाराकडे आखूड कार्बाइन असायची, आणि तिथे वाद रायफलीचा नव्हता, विश्वासाचा होता.

(पडद्यावर: कागदी काडतूस, भरण्याच्या टप्प्यांसह)

आता भरण्याची रीत नीट पाहा, कारण नट इथे घाई करतात. एनफिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. चरबी गोळीच्या बाजूच्या कागदाला. दातानं फाडायचं ते दारूचं टोक. दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीचं टोक आत सारायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा, गजानं ठासायचं, गज परत जागेवर ठेवायचा, आणि शेवटी टोपी बसवायची. तरबेज माणूस मिनिटाला तीनेक बार काढी. एका शिपायानं लागोपाठ दोन बार काढले, की समजा, संकलकानं मधला वेळ कापलाय. आणि प्रत्येक बारानंतर दाट पांढरा धूर हवाच. काळ्या दारूच्या लढाईत काही फैरींनंतर समोरचं दिसेनासं होई. बिनधुराची दारू १८८० च्या दशकातली.

काही चुका एका नजरेत कळतात. चापाच्या पुढे मॅगझिनची पेटी आणि हातानं मागेपुढे ओढायचा बोल्ट दिसला, तर ती ली-एनफिल्डच्या घराण्यातली रायफल, १८५७ नंतर किमान तीन दशकांनी जन्मलेली. अधिकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर मधून मोडून गोळ्या भरत असतील तर ते बहुधा वेब्ली, ब्रिटिश फौजेत १८८७ मध्ये आलेलं. त्या काळच्या अधिकाऱ्याला कोल्ट किंवा अॅडम्स शोभेल, टोपी आणि सुटी दारू घालून भरायचं.

सर्वांत फसवी बंदूक स्नायडर. १८६६ मध्ये ब्रिटिशांनी जुन्या एनफिल्डचाच मागचा भाग कापून तिथे उजवीकडे उघडणारं झाकण बसवलं. तेच लाकूड, तेच तीन पट्टे, बाजूला तोच घोडा. कॅमेरा डावीकडून असेल तर फरक कळणं फार अवघड. शिपाई गज न वापरता मागून पितळी काडतूस घालायला लागला, की मात्र उलगडा होतो.

(पडद्यावर: मैवंदचा नकाशा)

उठावानंतर ब्रिटिशांनी देशी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, बाहेरून एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या. पुढेही नवं हत्यार आधी गोऱ्या पलटणीला आणि तिचं जुनं देशी पलटणीला, असा क्रम राहिला. म्हणून २७ जुलै १८८० च्या, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईवर कुणी चित्रपट काढलाच, तर एकाच रांगेत दोन बंदुका दिसायला हव्यात. ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री: बाजूला घोडा नाही, चापाखाली लांब तरफ. तिच्याच शेजारी लढलेल्या मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या देशी पलटणींकडे मात्र स्नायडर.