चहात टाकण्याआधी पान ओळखा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या एक काकू सकाळीच स्टीलचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, हा पाषाणभेदच आहे ना? भिशीतल्या एकीनं फांद्या दिल्या होत्या, कुंडीत मस्त वाढला. ह्यांना मुतखडा झाला ना, उद्यापासून याचा चहा करून देते."

डबा उघडून पाहिला. पेन्सिलीसारखी गोल, लांबट, मांसल पानं. राखाडी हिरव्या रंगावर तपकिरी ठिपके. आणि पानाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी इवलीशी रोपं लगडलेली. मी आधी एवढंच विचारलं, "काका हृदयाची गोळी घेतात का हो?" घेत होते. डिगॉक्सिन.

काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घोटाळा नावाचा आहे. खरा पाषाणभेद हिमालयातला, थंड हवेत खडकाच्या फटीत वाढणारा. नागपूरच्या मे महिन्यात तो गच्चीवर टिकायचा नाही. पण त्याच नावानं आपल्याकडे पानफुटीही दिली जाते, आणि पानफुटी म्हणून तिच्या बहिणीही. काकूंच्या डब्यात होती ती अशीच एक बहीण, मूळची मादागास्करची, शोभेसाठी आपल्या नर्सऱ्यांत आलेली. आपल्या ओळखीच्या पानफुटीचं पान चपटं, जाड, कडेला खाचा असलेलं असतं. हिची पानं नळीसारखी.

या कुळातल्या बऱ्याच झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात हीच वनस्पती रानोमाळ पसरली आहे आणि ती खाऊन गुरं दगावतात. डिगॉक्सिनसुद्धा एका झाडाच्या पानातूनच मिळतं, पण त्याची नेहमीची गोळी असते ०.२५ मिलिग्रॅमची, मोजूनमापून दिलेली. चहात किती उतरलं ते कोण मोजणार? त्यातून गोळी आणि पान दोन्ही हृदयावर एकाच पद्धतीनं काम करतात, म्हणजे एकावर एक भर पडते. आणि उकळल्यावर विष निघून जातं, ही समजूत तर आधी सोडा. कण्हेरीचं पान उकळलं तरी त्याचं विष जात नाही, ते पाण्यात उतरतं.

आपल्या विदर्भात उन्हाळ्यात चिवळीची भाजी घरोघरी होते. तीही मांसल पानांचीच. पण चिवळ निवडताना आजीचा हात किती सावकाश चालतो, आठवून पाहा. त्यात दुधी नावाच्या तणाची एखादी काडी आली, तर देठ मोडताच पांढरा चीक दिसतो आणि ती काडी बाजूला जाते. कुंडीतल्या अनोळखी झाडासाठी मात्र तेवढ्यानं भागत नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून चीक दिसला की हात धुवा. आणि चीक नाही म्हणजे झाड निर्धोक, असंही नाही. काकूंच्या फांदीत एक थेंब चीक नव्हता.

मग करायचं काय? चाखून बघू नका, जिभेच्या टोकावरही नको. मोबाइलचं ॲप फोटोवरून नाव सुचवतं, तो अंदाज समजा. फुलाची वाट पाहा, कारण झाडाची पक्की ओळख फुलात असते. मग फूल, पानं आणि खोड असलेली अख्खी फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून अमरावती रोडवर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा. ओळख पटली तरी गोळ्या चालू असलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. आणि कुणी असं काही पिऊन बसलंच, उलट्या होऊ लागल्या, नाडी मंद किंवा अनियमित लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन लावा आणि उरलेली फांदी सोबत न्या.

काका डॉक्टरांकडे गेले, सोनोग्राफी झाली, खड्याचं औषध सुरू झालं. झाड काकूंनी टाकलं नाही, त्यांना ते आवडतं. फक्त त्याची कुंडी गवती चहाच्या शेजारी होती आणि टोकाची ती इवली रोपं गळून थेट चहाच्या कुंडीत रुजत होती. ते लक्षात आल्यावर काकूंनी कुंडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तरी अजूनही गवती चहा कापण्याआधी त्या चष्मा लावून खाली वाकतात आणि बोटांनी माती चाचपून पाहतात.