पाठीवरचा वायरलेस

ज्या जुन्या लष्करी वायरलेसबद्दल आज बोलणार आहे, तो संच मी आणलेला नाही, हे आधीच सांगतो. परवान्याशिवाय ट्रान्समीटर देशात आणता येत नाही, आणि एका व्याख्यानापायी विमानतळावर रात्र काढायची माझी तयारी नाही. हा हेडसेट तेवढा आणलाय, तो हातोहात मागे जाऊ द्या. त्याला वास येतो तो रबराचा आणि माझ्या घामाचा. माझ्या आधीच्या कुणा ब्रिटिश शिपायाचाही असेल.

ज्या संचाचा हा हेडसेट, त्याचं नाव पीआरसी-३२०. ब्रिटिश लष्कराच्या ‘क्लॅन्समन’ घराण्यातला, प्लेसी कंपनीने बनवलेला. हे घराणं १९७०च्या दशकात सैन्यात आलं, १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात होतं, आणि पुढे ‘बोमन’ नावाची नवी यंत्रणा आल्यावर मोडीत निघालं. मी तेव्हा इंग्लंडात नोकरीला होतो, तिथला हॅमचा, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना काढलेला होता. एका रॅलीत हा संच मिळाला. रॅली म्हणजे मोर्चा नव्हे, तिकडे हॅम लोकांच्या जुन्या बाजाराला रॅली म्हणतात. २ ते ३० मेगाहर्ट्झ, ३० वॉट, आणि बॅटरीसकट दहा-अकरा किलो वजन.

आता तुमच्यातले हॅम मनात म्हणत असतील, एफटी-८१७ हा छोटा हॅम संच सव्वा किलोच्या आत बसतो, मग हे ओझं कशाला? बरोबर आहे. एफटी-८१७ पाचच वॉट देतो, पण डोंगरावर तेवढे पुष्कळ होतात. कागदावर तुलना केलीत तर माझा संच बहुतेक ठिकाणी हरतो. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं.

मग एका नोव्हेंबरात इंग्लंडातल्या किंडर स्काउट या डोंगरावर गेलो. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मीच. हसू नका. वर सगळं काळं, दलदलीचं पठार, झाड नावाला नाही आणि पाऊस आडवा. ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम तिकडे २००२ मध्ये सुरू झाला. शिखरावर जायचं, निदान चार जणांशी संपर्क करायचा, की त्या शिखराचे गुण मिळतात. वीज आपली आपण न्यायची, पेट्रोलचा जनरेटर चालत नाही.

बोटं इतकी गारठली होती की नाकसुद्धा पुसता येईना. सोबतच्या मित्राचा छोटा संच प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला मेनूतलं तिसरं पान सापडेना, कारण ओल्या हातमोज्याने तीन बटणं एकदम दाबली जात होती. माझ्या संचाला मेनू नाहीच. फ्रिक्वेन्सीच्या एकेका आकड्याला एकेक जाड खटका. कट-कट-कट फिरवायचं, आकडा डोळ्यांनी वाचायचा. घरी खुर्चीत बसून बँड चाळताना या खटक्यांचा मला संताप यायचा. तिथे चिखलात बसल्यावर कळलं की ज्याने हे केलं त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीतला माणूस नव्हताच. भिजलेला, थकलेला, अंधारातला एकोणीस वर्षांचा पोरगा होता.

दुसरी गोष्ट यूएसबीची. पेन ड्राइव्हची नव्हे, अप्पर साइडबँड. एसएसबी या पद्धतीत आवाज लहरीच्या एकाच बाजूने जातो, वरच्या (अप्पर) किंवा खालच्या (लोअर). हा संच एसएसबीवर फक्त अप्पर बोलतो. हॅमचा रिवाज असा की १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर साइडबँड. म्हणजे ४० आणि ८० मीटर लहरलांबीच्या पट्ट्यांवर सगळे एका भाषेत बोलतायत आणि तुम्ही दुसऱ्याच. अपवाद ६० मीटरच्या पट्ट्याचा, म्हणजे ५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तिथे अप्परच चालतं. म्हणून नाइलाजाने मी तिथे गेलो, आणि तिथेच हा संच काय चीज आहे ते समजलं.

साडेसत्तावीस मीटरच्या आसपास तार, मध्ये सहा मीटरचा फायबरचा दांडा, दोन्ही टोकं जमिनीलगत. पाठ्यपुस्तक म्हणेल, एरियल फारच खाली आहे. खरंय, लहर क्षितिजाकडे जायच्या ऐवजी सरळ वर जाते. पण बागेतला पाण्याचा पाइप सरळ आभाळाकडे धरलात तर पाणी कुठे पडतं? आपल्याच आजूबाजूला. ही लहर अडीचशे-तीनशे किलोमीटर वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आदळते आणि छत्रीसारखी खाली पसरते. मधला डोंगर आडवा येतच नाही. वेल्ह्याच्या खोऱ्यात हातातला व्हीएचएफ संच (त्याची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते) डोंगराची एक धार मध्ये आली की मुका होतो, हे तुम्ही अनुभवलंय. ही छत्री त्या धारेवरून उतरते. दरीतल्या तुकडीला पलीकडच्या दरीशी बोलता यावं, ही लष्कराची गरज. मला त्या दुपारी वेल्स, स्कॉटलंड आणि कॉर्नवॉल मिळून नऊ जण मिळाले.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. मूळची २४ व्होल्टची निकेल-कॅडमियम, ती मेलेलीच मिळते. मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल ओळीने जोडून त्याच पेटीत बसवले. सव्वापंचवीस-साडेपंचवीस व्होल्ट मिळतात, वजनही उतरतं.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातले व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे संच मोडीत घेऊन हॅम झालेली एक पिढी होती. कुणाच्या माळ्यावर त्या काळातलं विमानाचं मीटर असेल तर काच उघडू नका. अंधारात चमकणाऱ्या त्या रंगात रेडियम असायचं. चमक कधीच गेली असेल, रेडियम आहे तिथेच आहे.

हाताने फिरवायच्या जनरेटरबद्दल मघाशी कुणीतरी विचारलं. त्या बाबतीत माझ्या संचापेक्षा अमेरिकन एएन/जीआरसी-९ची मजा मोठी. नावावरून त्याला ‘अँग्री नाईन’ म्हणतात. कोरियाच्या युद्धातला, २ ते १२ मेगाहर्ट्झचा. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशाची की चालवायची. एका मैदानात मला हँडलवर बसवलं. ऐकत असताना ते हलकं फिरतं. समोरच्याने की दाबली की एकदम जड, घट्ट पिठात उलथनं अडकल्यासारखं. सोडली की पुन्हा हलकं. माझी मोर्स कच्ची, कानाने निम्मी अक्षरं सुटतात. पण त्या दिवशी तो पाठवणं संपवून ऐकायला लागला, हे त्याने सांगायच्या आत माझ्या खांद्यांना कळत होतं.